मासाई लोकांचं झाडपाल्याचं ज्ञान आणि ते टिकवायचं कसं: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

कामानिमित्त केनियात राहणं झालं आणि तेव्हापासून नातेवाईक, मित्र, मित्रांचे मित्र असे सगळे मला मासाई लोकांच्या औषधांबद्दल विचारत असतात. कुणी यूट्यूबवर काहीतरी बघितलेलं असतं, कुणी मसाई माराला जाऊन आलेलं असतं. तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदा नीट बसून सगळी उत्तरं एका जागी लिहितोय. मी डॉक्टर नाही, यातलं काहीही स्वतःवर करून बघायचं नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

मासाई म्हणजे नक्की कोण आणि राहतात कुठे?

केनियाचा दक्षिण भाग आणि टांझानियाचा उत्तर भाग, म्हणजे ब्रिटिश आणि जर्मनांनी मध्ये रेघ मारायच्या आधी जो सलग मुलूख होता तो. केनियात नारोक आणि काजियाडो ही मुख्य ठिकाणं, शिवाय वर लाइकिपियात पण आहेत. टांझानियात न्गोरोन्गोरो, लोंगिडो, मोंडुली, सिमानजिरो. भाषा मा. केनियाच्या 2019 च्या जनगणनेत मासाई जवळपास 12 लाख भरले, टांझानियात जमातवार मोजणी होत नाही त्यामुळे तिकडचा पक्का आकडा नाही.

गुरं, शेळ्या, मेंढ्या घेऊन फिरणारी ही माणसं. आपल्याकडचे मेंढरं घेऊन फिरणारे धनगर डोळ्यासमोर आणा म्हणजे अंदाज येईल की रोज मैलोनमैल रानातून चालणाऱ्या माणसाला झाडं का माहीत असतात. आता बरेच मासाई एका जागी राहतात, शेती करतात, नोकऱ्या करतात, आणि फोन तर सगळ्यांकडे आहे.

त्यांच्यात वैद्य असतो का? लायबोन म्हणतात तोच ना?

इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. लायबोन, म्हणजे मा भाषेत ओलोइबोनी, हा मुख्यतः विधी करणारा, भविष्य सांगणारा, शाप-बाधा बघणारा माणूस. त्याला औषधं माहीत असतात, पण साध्या खोकल्याला किंवा पोटदुखीला कुणी लायबोनकडे धावत नाही. रोजचं झाडपाल्याचं ज्ञान घराघरात वाटलेलं आहे. बायकांना बाळंतपणातलं, लहान मुलांच्या जंतांचं, पोटाचं माहीत. तरुण पोरांना मटणाच्या सुपात काय घालायचं ते माहीत. म्हाताऱ्यांना गुरांच्या आजारांचं माहीत, आणि हे गुरांचं ज्ञान फार मोठं आहे कारण इथे गाय मेली तर घर बसतं. हाडं बसवणारे, सुईणी असे खास जाणकार वेगळे.

म्हणून "एखाद्या मोठ्या वैद्याची मुलाखत घ्या आणि रेकॉर्ड करून टाका" असं जे कुणी सुचवतं त्यांना मी सांगतो की एका माणसाकडे सगळं नसतंच. निम्मं तर बायकांकडे आहे, आणि बाहेरून येणारा संशोधक सहसा पुरुषांशीच बोलून परत जातो.

कुठली झाडं वापरतात? आपल्याकडे आहेत का ती?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न, कारण उत्तर ऐकून मराठी माणूस दोन मिनिटं गप्प होतो.

ओल्किलोरिटी म्हणजे आपली बाभूळ. अगदी तीच जात, फक्त आफ्रिकेतला उपप्रकार वेगळा. मुळाची आणि खोडाची साल उकळून मटणाच्या सुपात घालतात. पचन सुधारतं, थकवा जातो, अंगात जोर येतो असं तरुण मासाई सांगतात. आपल्याकडे बाभळीची साल दातांना आणि हिरड्यांना, डिंक लाडवात, म्हणजे झाड एकच पण कामं वेगवेगळी.

ओलोइसुकी हे झाड आपल्या तिरफळाच्या कुळातलं, त्याच झँथोझायलम वंशातलं. खोडावर तसेच जाड टोकदार काटे आणि फळं-साल तोंडात धरली की तसाच झिणझिणाट. कोकणात आणि गोव्यात आपण ते बांगड्याच्या आमटीत घालतो, मासाई सर्दी-खोकल्याला, छातीला उकळून घेतात.

ओलामुरियाकी म्हणजे करवंदाचा सख्खा भाऊ. काटे, चीक, पांढरी फुलं, काळी गोड फळं, सगळं तसंच. फळं पोरं खातात, मुळं औषधाला. याच्याबद्दल पुढे दोनदा बोलायचंय.

ओसेकेतेकी नावाचं लहान झुडूप आहे, त्याच्या बारीक बिया जंतांवर देतात. हे आपल्या वावडिंगाच्या कुळातलं, आणि गंमत म्हणजे दोघांतही एंबेलिन नावाचं तेच द्रव्य सापडतं. आपल्या आज्या पण वावडिंग जंतांवरच द्यायच्या. दोन खंडांतल्या माणसांनी एकमेकांना न विचारता एकाच कुळातल्या झाडांचा एकच उपयोग शोधला, मला हे फार भारी वाटतं.

ओल्मुकुटान शिरीषाच्या वंशातलं, त्याची साल पण जंतांवर, पण हे जोरात जुलाब करणारं औषध आहे, प्रमाण चुकलं तर माणूस आडवा होतो. ओसुगुरोई म्हणजे तिथल्या रानटी कोरफडी. ओरेमिट म्हणजे पीलू, ज्याचं मिस्वाक करतात, तिथे पण दातणच. ओलेलेश्वाची पानं सुगंधी, तरुण पोरं काखेत ठेवतात, नैसर्गिक डिओ. ओलोइरियन म्हणजे रानटी ऑलिव्ह, त्याची जळकी काडी दुधाच्या भोपळ्यात आतून फिरवून भोपळा साफ करतात, त्याने दूध टिकतं आणि धुरकट छान वास येतो.

आणि ओसोकोनोई, वॉरबर्गिया, याचा भाऊबंद आपल्याकडे कुणीच नाही, त्याचं कूळच भारतात नाही. साल चावली तर मिरीसारखी तिखट. खोकला, छाती, ताप, सगळ्याला पहिलं औषध हेच. लॅबमध्ये यातल्या तिखट द्रव्यांचा बुरशी आणि जंतूंवर परिणाम दिसलाय, पण लॅबमधला परिणाम आणि माणसाचा आजार बरा होणं यात बरंच अंतर असतं.

हे औषध घेतात कसं? काढा करून?

काढा तर आहेच, पण दूध, रक्त आणि मटणाचं सूप यांच्यातून घ्यायची पद्धत खास त्यांची. ओरपुल नावाचा प्रकार आहे. काही जण मिळून एक बैल किंवा बोकड घेऊन वस्तीपासून लांब, झऱ्याजवळ, झाडीत जाऊन राहतात, काही दिवस ते काही आठवडे. जनावर कापायचं, मटण खायचं, हाडांचं सूप मोठ्या भांड्यात उकळत ठेवायचं आणि त्यात साली आणि मुळं टाकत राहायची. आजारातून उठलेला माणूस, अशक्त झालेला माणूस, तरुण योद्धे म्हणजे इल्मुरान, सगळे जातात.

ओरपुल हीच शाळा आहे बघा. थोरला माणूस पोराला सांगतो जा अमुक झाडाची साल आण, पोरगा चुकीची आणतो, शिव्या खातो, परत जातो. कुठल्या उतारावरचं झाड, कोवळं की जून, कुठल्या बाजूची साल, किती वेळ उकळायची, सुपाचा रंग कसा झाला की थांबायचं, कडूपणा किती हवा, हे सगळं तिथे हाताने शिकलं जातं. कुणी याला शिकवणं म्हणत पण नाही.

मासाई इतकं दूध-मटण खातात तरी त्यांना हार्ट अटॅक येत नाही, ते या साली-मुळांमुळे, हे खरं का?

अर्धवट. 1960 च्या दशकात जॉर्ज मान या अमेरिकन डॉक्टरने टांझानियात जाऊन तपासण्या केल्या, मासाईंचं कोलेस्टेरॉल कमी निघालं आणि हृदयविकार फारसा दिसला नाही. 1972 मध्ये त्याच्याच टीमने 50 मासाई पुरुषांच्या हृदयांची मरणोत्तर तपासणी छापली, त्यात रक्तवाहिन्यांत थर होते, पण वाहिन्या रुंद झालेल्या होत्या. मानचा कल दिवसभर चालण्याच्या व्यायामाकडे होता. नंतर 1990 च्या दशकात कॅनडाच्या मॅकगिल विद्यापीठातल्या टिमोथी जॉन्स यांनी सहकाऱ्यांबरोबर या सुपात आणि दुधात घालायच्या सालींचा अभ्यास केला, त्यात सॅपोनिन आणि फिनॉल जातीची द्रव्यं सापडली जी कोलेस्टेरॉलवर परिणाम करू शकतात. म्हणजे शक्यता चांगली आहे, पण चालणं, कमी कॅलरी, अनुवंश, सगळंच एकत्र आहे. "मासाई साल खा आणि मटण हाणा" असं कुणी विकत असेल तर त्याच्या नादी लागू नका.

हे ज्ञान खरंच नाहीसं होतंय का? की उगाच हळहळ?

एकदम पुसलं जातंय असं नाही. उलट शहरांत मासाई औषधाला गिऱ्हाईक वाढलंय. नैरोबीतच काय, पार दार-एस-सलामपर्यंत फुटपाथवर मासाई बायका आणि पुरुष सालींच्या जुड्या, मुळांचे तुकडे, कसल्या कसल्या पावडरी घेऊन बसलेले दिसतात आणि धंदा बरा चालतो. जे कमी होतंय ते खोलीचं ज्ञान. तरुण मुलाला 10 नावं माहीत असतात, आजोबांना 100 माहीत होती, आणि त्या 100 बरोबर कधी वापरू नये हे पण माहीत होतं.

कारणं अनेक आहेत पण माझ्या मते सगळ्यात मोठं कारण जमीन, आणि यावर मी जरा अडून बसतो कारण बहुतेक लेखांत शाळा, मोबाइल आणि चर्च यांनाच दोष देऊन मोकळे होतात.

बघा, 1904 आणि 1911 च्या करारांनी ब्रिटिशांनी मासाईंना रिफ्ट व्हॅली आणि लाइकिपियाच्या चांगल्या कुरणांतून काढून दक्षिणेला ढकललं. 1959 मध्ये सेरेन्गेटी नॅशनल पार्कमधून काढून न्गोरोन्गोरोला पाठवलं. आता न्गोरोन्गोरोतूनही कुटुंबं शेकडो किलोमीटर लांब हांदेनी जिल्ह्यातल्या म्सोमेराला हलवली जातायत, आणि जून 2022 मध्ये टांझानियातल्याच लोलिओंडोत 1500 चौरस किमी जमिनीवर राखीव क्षेत्राच्या हद्दीचे खुंट रोवताना पोलिस आणि गावकरी यांच्यात जी झटापट झाली ती जगाने बघितली. केनियात काजियाडोमध्ये ग्रुप रँच म्हणजे सामूहिक मालकीची कुरणं फोडून तुकडे पाडले गेले, कुंपणं आली, प्लॉट विकले गेले.

आता डोंगरातल्या ओलसर जंगलातलं ओसोकोनोई ज्याला माहीत, त्याला तुम्ही कोरड्या सपाट रानात नेऊन ठेवलंत तर तो नातवाला काय दाखवणार? नाव सांगेल, गोष्ट सांगेल, झाड नाही. कोरड्या काळात वर डोंगरात आणि पावसात खाली मैदानात, अशी गुरांची ये-जा थांबली की दोन्हीकडची झाडं ओळखणारी पिढीच तयार होत नाही.

त्यावर 2020 ते 2023 चा दुष्काळ आला, पाच पावसाळे लागोपाठ कोरडे, गुरं हजारोंनी मेली. गुरं गेली की पोरं शहरात वॉचमन होतात. आणि कोळसा. रानटी ऑलिव्ह आणि बाभळीचा कोळसा जड, जास्त वेळ जळणारा, म्हणून सगळ्यात आधी तीच झाडं तुटतात.

मग सगळं लिहून एका डेटाबेसमध्ये टाकलं की झालं ना? आज तर एआय पण आहे.

लिहायला हवंच, मी लिहिण्याच्या विरोधात अजिबात नाही. पण नुसतं लिहून काय होतं याचं एक उदाहरण देतो.

वर ओलामुरियाकी म्हणजे करवंदाचा भाऊ सांगितला, शास्त्रीय नाव करिसा. आता यादीत काय लिहिलेलं असतं? "करिसा, मूळ उकळून, सांधेदुखीसाठी." बास. त्याच रानात ओल्मोरिजोई नावाचं झुडूप असतं, शास्त्रीय नाव अकोकँथेरा. तेच कूळ. तशीच समोरासमोर चकचकीत चिवट पानं, तसाच पांढरा चीक, तशीच पांढरी-गुलाबी वासाची फुलं, तशीच जांभळी-काळी फळं. आणि त्याच्यात उआबेन हे विष, जे पूर्व आफ्रिकेतले शिकारी शतकानुशतकं बाणांना लावत आले, हृदय बंद पाडणारं. फरक ओळखायची सगळ्यात सोपी खूण म्हणजे काटे. करिसाला काटे असतात, अकोकँथेराला नसतात. गुराख्याचं पोर लहानपणापासून करिसाची फळं खाताना हात ओरबाडून घेतं म्हणून त्याची चूक होत नाही. पण मूळ खणून, सोलून, वाळवून पोत्यात भरलं की काटे गेले कुठे? मुळाच्या तुकड्याला काटे नसतात. तिथे फक्त ज्याने खणलं त्याच्यावर विश्वास.

म्हणून माझं म्हणणं असं की नोंद करायची तर झाडाचा वाळवलेला नमुना हर्बेरियममध्ये (अशा नमुन्यांच्या संग्रहालयात), मा भाषेतलं नाव त्या त्या भागातल्या उच्चारासकट, कुठला भाग, कुठल्या ऋतूत, कसं काढलं, कशात उकळलं, कुणाला देऊ नये, सारखं दिसणारं दुसरं झाड कुठलं, आणि सांगणाऱ्याचा आवाज त्याच्याच भाषेत रेकॉर्ड केलेला, इतकं तरी हवं. नैरोबीत नॅशनल म्युझियम्स ऑफ केनियाचं ईस्ट आफ्रिकन हर्बेरियम आहे, 10 लाखांच्या आसपास नमुने आहेत, तिथले लोक हे काम नीट करतात. 2001 मध्ये पॅट्रिक माउंडू आणि सहकाऱ्यांनी लोइटा भागातल्या मासाईंच्या वनस्पतीज्ञानाचं जे काम छापलं त्यात लोइटाचेच मासाई लेखक म्हणून होते, आणि ते काम जंगल कसं सांभाळायचं या प्रश्नाशी जोडलेलं होतं. मला ही पद्धत बरोबर वाटते.

एआय बद्दल एवढंच, इंटरनेटवर मा भाषेतला मजकूरच इतका कमी आहे की मशीनला जे कळलंय ते बहुतेक इंग्रजीतून गाळून आलेलं.

भाषा मेली तर ज्ञान मरतं का?

बरंचसं. लाइकिपियाच्या मुकोगोडो जंगलात याकू नावाचे लोक होते, मधावर आणि शिकारीवर जगणारे. गेल्या शतकात ते गुरं पाळायला लागले, मासाईंमध्ये लग्नं झाली, आणि बघता बघता मा बोलायला लागले. याकू भाषा बोलणारे मोजके म्हातारे उरले. जंगल आहे, माणसं आहेत, पण मधमाश्या आणि झाडं यांच्याबद्दलचे बारीक भेद करणारे शब्द गेले, कारण गुराख्यांच्या भाषेत त्या शब्दांची तितकी गरजच नव्हती. एका दृष्टीने मासाईंसाठी हा घरातलाच धडा आहे.

लोलिओंडोच्या बाबांचं औषध म्हणजे मासाई औषधच ना?

नाही, पण प्रश्न बरोबर जागी आलाय. 2011 मध्ये टांझानियातल्या लोलिओंडो भागात सामुंगे गावी अंबिलिकिले म्वासापिले नावाचे रिटायर्ड ल्युथरन पाद्री एक पेला काढा 500 शिलिंगला द्यायला लागले. देवाने स्वप्नात सांगितलं म्हणाले. एचआयव्ही, डायबेटिस, कॅन्सर, सगळ्यावर चालतो असा दावा. किलोमीटरच्या किलोमीटर गाड्यांच्या रांगा, मंत्री पण आले, लोक रांगेतच मेले. आणि कितीतरी एचआयव्हीच्या पेशंटनी गोळ्या बंद केल्या. 2021 मध्ये बाबा वारले.

काढा कशाचा? करिसाच्या मुळाचा. तेच आपलं करवंदाचं कूळ.

म्हणजे त्या भागातले लोक पिढ्यान् पिढ्या जे मूळ ठराविक त्रासाला, ठराविक प्रमाणात वापरत होते तेच उचलून सगळ्या आजारांवर एक पेला केला. परंपरेत हे औषध होतं, पण "सगळ्यावर एकच" असं परंपरेत कधीच नव्हतं. लोक या प्रकरणावरून पारंपरिक ज्ञानालाच हसतात तेव्हा मला वाईट वाटतं. एचआयव्हीला एआरटीच्या म्हणजे विषाणू दाबणाऱ्या गोळ्या, टीबीला टीबीचा पूर्ण कोर्स, मलेरियाला टेस्ट करून गोळ्या, यात तडजोड नाही आणि मला भेटलेले शहाणे मासाई जाणकार पण पेशंट हाताबाहेर जातोय दिसलं की दवाखान्यातच पाठवतात.

कंपन्या हे ज्ञान चोरतात का? आपल्या हळदीसारखं?

हळदीचं प्रकरण मराठी लोकांना पाठ आहे. 1995 मध्ये जखम भरण्यासाठी हळद म्हणून अमेरिकेत पेटंट दिलं गेलं, डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने ते लढवलं आणि 1997 मध्ये रद्द झालं. पण लक्षात घ्या, आपण जिंकलो कारण आपल्याकडे जुने लिखित पुरावे होते. पेटंट ऑफिसला कागद लागतो. मासाईंचं ज्ञान तोंडी. ओरपुलमधल्या सुपाचा कागद कुठून आणणार?

आणि इथेच खरा पेच आहे. लिहिलं नाही तर कुणीही "मी शोधलं" म्हणू शकतो. लिहून उघड्यावर टाकलं तर कुणीही वाचून वापरू शकतो आणि गावाला एक पैसा मिळत नाही. दक्षिण आफ्रिकेत सान या आदिवासी लोकांच्या हूडियाचं असंच झालं, भूक मारणाऱ्या झाडाचं पेटंट आधी निघालं, सान लोकांशी वाटणीचा करार 2003 मध्ये, तोही आरडाओरड झाल्यावर. भारताने 2001 पासून जी टीकेडीएल म्हणजे पारंपरिक ज्ञानाची डिजिटल लायब्ररी केली ती म्हणून सगळ्यांना उघडी ठेवली नव्हती, पेटंट ऑफिसांना गुप्ततेच्या करारावर बघायला दिली.

केनियाने कायदा बरा केलाय. 2010 च्या राज्यघटनेत कलम 69 मध्ये समाजांच्या जैवविविधतेच्या ज्ञानाचं रक्षण करायची जबाबदारी सरकारवर टाकली. 2016 मध्ये पारंपरिक ज्ञानासाठी वेगळा कायदा आला, त्यात काउंटी म्हणजे जिल्ह्यासारख्या भागांच्या सरकारांनी रजिस्टर ठेवायचं आणि समाजाची संमती घेतल्याशिवाय वापर नाही. जगाच्या पातळीवर जैविक संपत्तीच्या फायद्याच्या वाटणीचा 2010 चा नागोया प्रोटोकॉल, आणि मे 2024 मध्ये वायपोमध्ये (संयुक्त राष्ट्रांची बौद्धिक संपदा संघटना) नवा करार झाला ज्यात पेटंट मागताना ज्ञान कुणाकडून घेतलं ते सांगावं लागेल. कागदावर छान आहे सगळं. पण काउंटीचं रजिस्टर भरायला माणसं आणि पैसा लागतो, आणि दुष्काळात काउंटीचा पैसा टँकरला जातो, त्यात चूक तरी काय म्हणणार.

मासाई स्वतः काय करतायत? की बाहेरचेच करतायत सगळं?

करतायत, आणि याबद्दल लोकांना फार कमी माहिती असते.

एक, लाइकिपियातला इल न्ग्वेसी समाज. 2008 मध्ये वायपोच्या मदतीने तिथल्या लोकांना अमेरिकेत लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या फोकलाइफ सेंटरमध्ये आणि ड्यूक विद्यापीठात ट्रेनिंग दिलं, सोबत नॅशनल म्युझियमचा माणूस. रेकॉर्डिंग कसं करायचं, जपायचं कसं, आणि मुख्य म्हणजे हक्क कुणाचे, काय दाखवायचं आणि काय दाखवायचं नाही. नंतर कॅमेरे, रेकॉर्डर, कॉम्प्युटर पण दिले. आपलं आपण रेकॉर्ड करायचं, यात फरक किती पडतो बघा, आजी नातवाशी जे बोलेल ते परक्याशी बोलणार नाही.

दोन, आणि हे मला जास्त मोठं वाटतं, लोइटाचं नाइमिना एन्कियो जंगल. नारोक काउंटीत, 33 हजार हेक्टरच्या आसपास. वासरं राखताना एक मुलगी आत हरवली, वासरं परत आली ती आलीच नाही, अशी त्याच्या नावामागची गोष्ट. 1990 च्या दशकात तेव्हाच्या नारोक काउंटी कौन्सिलला ते टुरिस्टांसाठी राखीव करायचं होतं. लोइटाच्या लोकांनी ट्रस्ट काढला, कोर्टात गेले, वर्षानुवर्षं भांडले आणि जंगल हातातून जाऊ दिलं नाही. त्यात एकाही झाडाच्या औषधी गुणाची नोंद झाली नसेल, पण औषधी ज्ञान टिकवायचं इतकं मोठं काम दुसऱ्या कुठल्या प्रोजेक्टने केलं असेल असं मला वाटत नाही.

तीन, 2018 मध्ये मासाई मुलांचे वयात यायचे तीन विधी, एन्किपाता, एउनोतो आणि ओल्न्गेशेर, युनेस्कोच्या तातडीने जपायच्या यादीत गेले. वरवर पाहता याचा औषधाशी संबंध नाही, पण हेच विधी वयोगट बांधतात आणि रानात, ओरपुलला एकत्र जाणारी पोरं म्हणजे हेच वयोगट.

सरळ झाडंच लावली तर? नर्सरी करून?

उत्तम, करावंच. विशेषतः ओसोकोनोई. सालीचं औषध म्हणजे झाडाच्या जिवावरचं काम असतं. साल एका बाजूने, अरुंद पट्टीत काढली तर झाड भरून काढतं. गोल सगळीकडून सोलली की झाड उभ्याउभ्या वाळतं, कारण पानांत तयार झालेलं अन्न मुळांपर्यंत पोचतच नाही. जुने जाणकार एका बाजूचं मूळ घेतात, वर माती लोटतात आणि दुसऱ्या झाडाकडे जातात. पण शहरातल्या व्यापाऱ्यासाठी पोती भरणारा मजूर असं करत बसत नाही, त्याला किलोवर पैसे मिळतात. प्रूनस आफ्रिकाना नावाच्या झाडाची साल युरोपात प्रोस्टेटच्या औषधाला इतकी गेली की 1995 मध्ये ते साइटिसच्या (धोक्यातल्या जातींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या परिशिष्टात टाकावं लागलं.

ओसोकोनोईचा दक्षिण आफ्रिकेतला भाऊ असाच सोलून सोलून संपत आला होता, तिथे संशोधकांना पानांत पण सालीशी मिळतीजुळती द्रव्यं सापडली, म्हणजे पानं वापरा, झाड जगवा. हे मासाई भागात पण सांगायला हवं, पण विकत घेणाऱ्याला साल हवी असते, पानावर विश्वास नाही. तिथे जाणकार म्हाताऱ्यांनीच सांगितलं तर पटेल.

शाळेमुळे पोरं रानातून तुटली, मग शाळा नको का?

असं म्हणणाऱ्यांचा मला राग येतो, खरं सांगतो. स्वतःची मुलं इंग्लिश मीडियममध्ये आणि मासाईंच्या मुलांनी गुरं राखून परंपरा जपायची? शाळा हवीच, मुलींना तर हवीच हवी. बोर्डिंग शाळेत मूल वर्षातले नऊ-नऊ महिने घराबाहेर राहतं हा खरा प्रश्न आहे, त्यावर सुट्टीत आजी-आजोबांबरोबर रानात जायचा प्रोजेक्ट देणं अवघड नाही. केनियाच्या नव्या अभ्यासक्रमात पहिल्या काही इयत्तांना स्थानिक भाषेचा विषय आहे, तिथे झाडांची नावं, गाणी, कोडी सहज बसतात. शिक्षक मा बोलणारा हवा, एवढंच.

आम्ही मसाई माराला ट्रिपला जातोय, तिथून औषध आणू का?

नको. शुका म्हणजे मासाई चादर पांघरलेला प्रत्येक विक्रेता जाणकार असतोच असं नाही, वर अकोकँथेराचं सांगितलंय ते आठवा. शिवाय साल-मुळ्या भारतात आणायला प्लांट क्वारंटाइनचे नियम लागतात, आणि रानटी कोरफडीच्या जाती तर साइटिसखाली येतात, एअरपोर्टवर अडकाल. त्यापेक्षा कॅम्पमध्ये मासाई गाइड असेल तर अर्धा दिवस पायी फिरायला मागा आणि प्राण्यांऐवजी झाडं दाखवायला सांगा. त्याचे वेगळे पैसे द्या, टिप म्हणून नाही, फी म्हणून. गाइडला झाडांचे पैसे मिळतात हे वस्तीतल्या पोरांना दिसलं की ती पण आजोबांच्या मागे लागतात. त्याने सांगितलेली रेसिपी इन्स्टावर टाकायच्या आधी त्याला विचारा.

महाराष्ट्राचा याच्याशी काही संबंध?

झाडांचा तर वर सांगितलाच. दुसरा म्हणजे आपल्याकडे 2002 च्या जैवविविधता कायद्याने गावोगाव लोक जैवविविधता नोंदवही करायची सोय आहे, माधव गाडगीळांनी ही कल्पना मांडली आणि लावून धरली. पण एनजीटीने (राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने) 2020 ची मुदत दिल्यावर देशभर कितीतरी नोंदवह्या घाईघाईत भरल्या गेल्या, एकाच साच्यातल्या. केनियाच्या काउंटी रजिस्टरांचं पण तसंच व्हायची भीती आहे. गडचिरोलीत मेंढा-लेखाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, तिथे जंगल गावाच्या हातात आहे म्हणून नोंदीला अर्थ आहे. लोइटाची आणि मेंढा-लेखाची माणसं एकदा समोरासमोर बसावीत असं मला फार वाटतं.

मला यावर अभ्यास करायचाय, सुरुवात कुठून करू?

बॉटनीचे विद्यार्थी बरेच विचारतात. आधी स्वाहिली शिका, मग थोडी मा. केनियात संशोधनाला नाकोस्टी या सरकारी विज्ञान आयोगाचं लायसन्स लागतं, वनस्पतींचे नमुने न्यायचे तर नेमा या पर्यावरण प्राधिकरणाची वेगळी परवानगी, टांझानियात कोस्टेक हा तिथला विज्ञान आयोग. टांझानियात मुहिंबिली विद्यापीठाची पारंपरिक औषधांची संस्था आहे, केनियात केमरी या वैद्यकीय संशोधन संस्थेत पण विभाग आहे, यांच्यापैकी कुणाबरोबर तरी जोडून घ्या, एकट्याने जाऊ नका. गावात गेल्यावर पहिल्या भेटीत वही काढू नका. बायकांशी बोलायचं असेल तर टीममध्ये बाई हवी. ज्यांनी सांगितलं त्यांची नावं लेखक म्हणून टाकायची की गुप्त ठेवायची हे त्यांना विचारून ठरवा, दोन्ही प्रकारचे लोक भेटतील. आणि पेपर छापून झाल्यावर जे काही जमवलं, रेकॉर्डिंग, फोटो, याद्या, ते मा भाषेत गावाला परत नेऊन द्या, पेन ड्राइव्हवर द्या, व्हॉट्सअॅपवर ऑडिओ पाठवा, कसंही, पण त्याचं तिकीट आणि खर्च प्रोजेक्टच्या बजेटमध्ये पहिल्याच दिवशी लिहून ठेवा, नाहीतर शेवटी त्याला पैसे उरत नाहीत.